वाचकांचे प्रश्न : उभे राहणारे कपॅसिटर आणि नवा ओव्हन

प्रश्न : भोसरीतील आमच्या लहान युनिटमध्ये एलईडी ड्रायव्हरचे बोर्ड तयार होतात. शिसेयुक्त सोल्डर पेस्ट सोडून आम्ही शिसेविरहित एसएसी ३०५ (कथील, चांदी आणि तांबे यांच्या मिश्रधातूची पेस्ट) वापरू लागलो, तेव्हापासून ०४०२ आकाराचे, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे कपॅसिटर एका टोकावर उभे राहतात. पावसाळ्यात तर बोर्डवर सोल्डरचे बारीक मणीही विखुरलेले दिसतात. आमचा ड्रॉवरचा रिफ्लो ओव्हन (पेस्ट वितळवून भाग बोर्डला जोडणारी भट्टी) विकून सरकत्या पट्ट्याचा मोठा ओव्हन घ्यावा का?

उत्तर : ओव्हनच्या किमतीची चौकशी तूर्त थांबवावी, कारण आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांतील एक तर बहुधा फ्रिजपासून सुरू होते. पेस्ट साधारण २ ते १० अंश सेल्सिअसला ठेवली जाते. पावसाळ्यातील दमट हवेत डबा फ्रिजमधून काढून लगेच उघडला, की पेस्टवर दव धरते. ते पाणी पेस्टमधील फ्लक्समध्ये (धातू साफ करणाऱ्या द्रव्यात) मिसळते आणि ओव्हनमध्ये त्याची वाफ होताना सोल्डर उडून मणी पडतात. ५०० ग्रॅमचा डबा झाकण न उघडता सुमारे चार तास खोलीच्या तापमानाला ठेवावा. घाईपोटी तो गरम ओव्हनवर ठेवण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे; ती मोडावी. डब्यावर बाहेर काढल्याची वेळ लिहिली, की पाळीवरच्या माणसाला अंदाज बांधावा लागत नाही. एवढे करूनही मणी दिसत राहिले, तर स्टेन्सिलची, म्हणजे ज्या छिद्रांच्या पत्र्यातून पेस्ट बोर्डवर छापतात त्याची, खालची बाजू वेळच्या वेळी पुसली जाते का, हे पाहावे.

कपॅसिटर उभा राहण्याचे कारण दोन्ही टोकांची पेस्ट एकाच क्षणी वितळत नाही, हे आहे. जे टोक आधी ओले होते, तिथल्या वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण हलका कपॅसिटर आपल्याकडे ओढतो आणि दुसरे टोक उचलले जाते. म्हणून आधी वीसेक बिघडलेले बोर्ड एका ओळीत मांडून भिंगाखाली पाहावेत. प्रत्येक बोर्डवर तोच कपॅसिटर उभा असेल आणि उचललेले टोक ग्राउंडच्या (प्रवाहाच्या परतीच्या) रुंद तांब्याला जोडलेल्या पॅडवरचे (भाग जिथे जोडतात त्या तांब्याच्या तुकड्यावरचे) असेल, तर ते तांबे उष्णता शोषून घेत असल्याने तिथली पेस्ट उशिरा वितळते, असे समजावे. यावर खरा उपाय बोर्डच्या पुढच्या आवृत्तीत आहे : पॅड आणि ग्राउंड यांच्यामध्ये अरुंद पट्ट्यांची जोडणी ठेवावी. उभे राहणारे कपॅसिटर दरवेळी वेगळे असतील, तर मात्र छपाई सरकली आहे, पेस्ट एका पॅडवर कमी पडली आहे किंवा कपॅसिटर तिरका बसवला गेला आहे.

हातात असलेल्या बोर्डांसाठी तापमानाचा आलेख बदलता येतो. शिसेयुक्त पेस्ट १८३ अंशांना वितळत असे, एसएसी ३०५ मात्र २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळते. हा टप्पा बोर्ड घाईने ओलांडत असेल, तर दोन पॅडांतील थोडासा फरकही कपॅसिटर उभा करायला पुरतो. बोर्ड १५० ते २०० अंशांच्या पट्ट्यात दीड-दोन मिनिटे राहू द्यावा, तेथून पुढे सेकंदाला एक अंशाच्या आसपास चढ ठेवावा आणि कमाल तापमान २४० अंशांच्या जवळपास आणावे. पेस्टच्या पत्रकातील मर्यादा मात्र ओलांडू नये. ओव्हनच्या पडद्यावरचा आकडा आतल्या हवेचा असतो, बोर्डचा नसतो. त्यामुळे के प्रकारची तीन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या) खऱ्या, पूर्ण भरलेल्या बोर्डवर मध्यभागी, कोपऱ्यात आणि त्या हट्टी ग्राउंड पॅडवर चिकटवून आलेख काढावा.

आता खरेदीविषयी. तापमान नोंदवणारे उपकरण आणि बोर्ड दरवेळी त्याच जागी धरणारी, चौकटीत ताणलेल्या स्टेन्सिलची हातछपाई यंत्रणा मी आधी घेईन. मध्य आणि कोपरा यांत दहा अंशांहून अधिक अंतर राहिले आणि ट्रेमधील जागा बदलूनही ते हटले नाही, तर आपला ओव्हन खरोखर अपुरा आहे. तेव्हा पट्ट्याचा जरूर घ्यावा. विक्रेता ओव्हनमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरण्याची सोय आग्रहाने सुचवील. तिने सोल्डर अधिक चांगले पसरते हे खरे, पण त्याच कारणाने ओढही वाढते आणि कपॅसिटर उभे राहण्याचे प्रमाण वाढू शकते. आपल्याला ती सध्या नको.

प्रश्न : शिसेविरहित तार वापरू लागल्यापासून सोल्डरिंग आयर्नचे टोक महिनाभरात काळे पडते. कानशीने घासावे का? (नाशिक)

उत्तर : मुळीच नाही. टोकावर लोखंडाचा पातळ थर असतो. तो कानशीने गेला, की आतले तांबे सोल्डरमध्ये विरघळून टोकाला खड्डा पडतो. तापमान ३५० अंशांच्या आसपास ठेवावे, काम थांबताच टोकाला ताजे सोल्डर लावून आयर्न बंद करावे आणि ओल्या स्पंजाऐवजी पितळी तारेचा गुंडा वापरावा. जोड लवकर बसत नाही म्हणून तापमान वाढवण्यापेक्षा रुंद टोक लावून पाहावे.