युद्धस्मारकात मूल खिदळले, तर

26 जानेवारी, 26 जुलै (कारगिल विजय दिन) आणि 15 ऑगस्ट या तारखा उलटल्या की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक काळजी हमखास डोकावते. मुलांना हौसेने युद्धस्मारक दाखवायला नेलेले असते. तिथे मूल एक तर धावते, खिदळते, कंटाळते, नाहीतर घरी आल्यावर घाबरून आईला चिकटते. मग प्रश्न येतो, "आमच्या मुलाला काही वाटतच नाही का?" किंवा "एवढ्या लहान वयात न्यायलाच नको होते का?" पुण्यातील एका कुटुंबाबरोबर झालेल्या बैठकींमध्ये या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकत्रच सापडले, म्हणून ती हकिगत, ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे मांडते.

मुलगा सात वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. एका रविवारी सकाळी हे चौघे घोरपडीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात गेले. 1998 साली नागरिकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या या स्मारकात विजयंता रणगाडा आणि मिग-23 विमान जवळून पाहायला मिळते. मुलगा रणगाड्याभोवती तोंडाने गोळ्यांचे आवाज काढत पळू लागला, तेव्हा आईने त्याला दंडाला धरून चारचौघांत दटावले. दुपारी ते खडकीच्या युद्ध दफनभूमीत गेले. दुसऱ्या महायुद्धातील 1,668 राष्ट्रकुल (ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्यातील देशांच्या) सैनिकांच्या स्मृतिशिला तिथे ओळीने उभ्या आहेत. मुलीने विचारले, "इथे खाली कोण आहे?" बाबा पटकन म्हणाले, "सैनिककाका आहेत, झोपलेत." त्या रात्रीपासून मुलगी झोपायला तयार होईना.

पहिल्या भेटीत मुलीच्या झोपेपेक्षा आई मुलाबद्दलच अधिक बोलली.

"मला त्याची लाज वाटली. एवढी माणसे देशासाठी गेली आणि हा हसतो!"

"त्याने काय करायला हवे होते?"

"गंभीर राहायला हवे होते. निदान पाच मिनिटे."

"आणि सातव्या वर्षी त्याला ते जमले नाही, तर त्यातून काय सिद्ध होते?"

ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "की आम्ही त्याला नीट वाढवत नाही. आजूबाजूचे लोक तसेच म्हणत असणार."

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीत, म्हणजे समुपदेशनाच्या एका पद्धतीत, माझी घडण झाली आहे. त्यामुळे प्रसंगापेक्षा त्या प्रसंगावर माणूस कोणता आग्रह लादतो, तिकडे माझे लक्ष आधी जाते. मुलाने स्मारकाचा मान राखावा ही आईची इच्छा योग्यच होती. तो न राखल्यास मूल निर्दय आणि आपण नालायक ठरतो, हा निष्कर्ष मात्र तिला आणि मुलालाही छळत होता.

पुढच्या भेटीत मुलाला बोलावले. लहान मुलांची मी उलटतपासणी घेत नाही. कागद आणि खडू पुढे ठेवते आणि शेजारी बसते. त्याने कागदभर उभे चौकोन काढले आणि प्रत्येकाच्या तळाशी एकेक आकडा लिहिला: 21, 24, 19, 22. आईला वाटले, तो शाळेतले आकडे गिरवतो आहे.

"हे काय आहे?" मी विचारले.

"त्यांचे वय. तिथे दगडावर खाली लिहिले होते. मला 'एज' वाचता येते."

खडू न थांबवता तो पुढे म्हणाला, "आमच्या सोसायटीतला दादा एकवीसचा आहे. तो तर अजून कॉलेजात जातो."

"हे तू आईला सांगितलेस?"

"ती रागावली होती ना."

आईने तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. दफनभूमीत त्या दोघा मोठ्यांनी रचना पाहिली, हिरवळ पाहिली, फोटो काढले. मेलेल्यांचे वय त्या "निर्दय" मुलाने पाहिले होते आणि ओळखीच्या माणसाशी ताडूनही पाहिले होते. समुपदेशक म्हणून असे क्षण मला फार मोलाचे वाटतात, कारण तेव्हा मला काही समजावून सांगावे लागत नाही. मुलाला वाटते ते आपल्यासारखे दिसतेच असे नाही. सकाळी त्याने खेळ केला, दुपारी आकडे वाचले, आणि त्या दोन्हींतून तो एकच गोष्ट समजून घेत होता.

मुलीचे काम अधिक सोपे, पण बाबांना अवघड गेले. पाचव्या वर्षाच्या आसपास मृत्यू कायमचा असतो हे पुष्कळ मुलांना उमगलेले नसते, आणि ती मोठ्यांचे शब्द जसेच्या तसे घेतात. झोपलेल्या माणसाला मातीखाली ठेवतात, असा तिने सरळ अर्थ लावला होता. बाबांनी विचारले, "मग देवाघरी गेले म्हणू का?" मी म्हटले, "तुमची श्रद्धा जरूर सांगा, पण आधी वस्तुस्थिती सांगा." त्यांनी माझ्यासमोर वाक्ये मोठ्याने म्हणून पाहिली: "ते झोपलेत असे मी म्हणालो, ते बरोबर नव्हते. ते मेले आहेत. मेल्यावर शरीर थांबते. श्वास नसतो, भूक नसते, दुखत नाही. झोपलेला माणूस उठतो, तूही रोज उठतेस." "मेले" हा शब्द त्यांच्या तोंडून तिसऱ्या खेपेला नीट निघाला. घरी हे बोलणे झाल्यावर काही दिवसांत मुलीची झोप रुळावर आली.

मुलांना न्यायचे असेल तर माझे सांगणे एवढेच आहे. एका दिवशी एकच ठिकाण पाहावे. स्मारक आणि दफनभूमी एकापाठोपाठ हे लहान मुलांना जड होते. निघण्यापूर्वी, आपण कुठे जात आहोत आणि तिथे कुठे मोकळेपणाने बोलता-फिरता येईल, कुठे आवाज हळू ठेवायचा, हे सांगावे. मग शांतता हा पाळता येण्याजोगा नियम होतो, भावनेची परीक्षा होत नाही. रणगाडा पाहून मूल हरखले तर हरखू द्यावे. नावांच्या भिंतीसमोर सगळी नावे वाचण्याऐवजी एकच नाव सावकाश वाचावे. विचारले तेवढेच उत्तर द्यावे. "हे आपले होते का?" असे खडकीत मुलाने विचारले, तर "यातले बहुतेक जण दुसऱ्या देशांतले होते, आणि त्या युद्धात भारतीय सैनिक त्यांच्याच बाजूने लढत होते" एवढे पुरते, द्वेषाची शिदोरी बरोबर देऊ नये.

घरी आल्यावर मुले लढाई-लढाई खेळली, सैनिक मेला आणि पुन्हा उठला, तर थांबवू नये. पाहिलेले ती अशीच पचवतात. मात्र काही आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, आईवडिलांपासून क्षणभर दूर होणे मुलाला नकोसे वाटत असेल, किंवा मरणाचा एकच खेळ ते आनंद न घेता पुन:पुन्हा खेळत असेल, तर समुपदेशकाकडे यावे, आणि येताना मुलाने काढलेली चित्रेही आणावीत.