रोजची प्रार्थना आणि पवित्रता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी पहाटेच्या लोकलने कामाला जातो आणि रात्री उशिरा परततो. पवित्र जीवन हे धर्मगुरू आणि धर्मभगिनींचेच काम नाही का?

उत्तर : नाही. पवित्रतेचे पाचारण सर्व विश्वासूंना आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथोलिक धर्माध्यक्षांच्या सभेने) १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या (चर्चविषयीच्या) दस्तऐवजात स्पष्ट केले आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१८ च्या पत्रात म्हटले, की प्रार्थनेवाचून पवित्रता नाही, पण ती प्रार्थना लांबलचक असण्याची गरज नाही. सकाळी दिवस प्रभूला अर्पण करावा आणि निजण्यापूर्वी पाच मिनिटे, आज कोणाशी कसे वागलो, हे त्याच्यासमोर तपासावे. गाडीत जपमाळ म्हणता आली तर उत्तमच, मात्र ती ह्या पाच मिनिटांची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न : प्रार्थनेत मन लागत नाही, काहीच जाणवत नाही. मग ती व्यर्थ आहे का?

उत्तर : सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मभगिनी, आविलाच्या संत तेरेजा यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की काही वर्षे प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच त्यांचे लक्ष असे. पुढे १९७० मध्ये त्यांनाच ख्रिस्तसभेच्या आचार्य (श्रद्धेच्या थोर शिक्षिका) म्हणून गौरवण्यात आले. मदर तेरेसांनी अनेक वर्षे सोसलेला अंतरीचा अंधार २००७ साली प्रकाशित झालेल्या त्यांच्या पत्रांतून जगाला कळला, पण त्यांनी प्रार्थनेची वेळ सोडली नव्हती. मुलाच्या फीची चिंता मध्येच आली तर तिला हुसकावत बसू नका. तीच प्रभूपुढे मांडा.

प्रश्न : मी रोज जपमाळ म्हणते, पण वडिलोपार्जित जमिनीच्या वादामुळे सख्ख्या भावाशी बोलत नाही. माझ्या प्रार्थनेला अर्थ उरतो का?

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात, यातच प्रार्थना काम करीत असल्याची खूण आहे. पाच दशकांच्या, म्हणजे दहा-दहा ‘नमो मरिया’च्या पाच गटांच्या, जपमाळेत ‘आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना सहा वेळा येते, म्हणजे आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हांला कर, असे आपण रोज निदान सहा वेळा स्वतःच्या तोंडाने मागता. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तर प्रभू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. याचा अर्थ हक्काची जमीन सोडून द्यावी असा नव्हे. सात-बाऱ्याचा निर्णय कायद्याने होऊ द्यावा, परंतु तोवर भावाच्या घरी आजारपण आले तर विचारपूस करायला कोणत्याही कोर्टाची मनाई नसते. आज एक दशक त्याचे नाव घेऊन, त्याच्या मुलाबाळांसाठी म्हणा. पहिले काही दिवस ओठ अडखळतील आणि मनातून रागच उसळेल. तरी दशक पूर्ण करा, आणि रविवारी चर्चमधली मिस्सा (उपासना) सुटल्यावर तो समोर आला तर वाट न बदलता आपणहून दोन शब्द बोला.

प्रश्न : मुले संध्याकाळच्या जपमाळेला बसत नाहीत. सक्ती करावी का?

उत्तर : शिक्षा म्हणून तर मुळीच नको. एकच दशक ठेवा आणि ते मुलांनाच चालवू द्या.