बेट एक, खोली एक

अगं ए,

तुझा तो लांबलचक मेसेज काल रात्री वाचला आणि आज सकाळी परत वाचला. शेवटी लिहिलंयस ना, "मावशी, लग्नापेक्षा हनिमूनचंच टेन्शन आलंय," त्यावर आधी हसू आलं, मग तुझी दया आली. फोन मुद्दामच करत नाहीये, कारण फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस आणि पाच मिनिटांनी त्या ट्रॅव्हल एजंटकडून नवीन पीडीएफ मागवतेस.

मालदीव ठरलंय ते छानच आहे, त्यावर वाद नाही. पण चार रात्रींत दोन रिसॉर्ट, पहिल्या दोन रात्री बीच व्हिला, मग दुसऱ्याच अ‍ॅटॉलमधल्या (म्हणजे बेटांच्या वेगळ्याच कड्यातल्या) बेटावर वॉटर व्हिला (पाण्यात खांबांवर उभी खोली) आणि मधल्या वेळात राजधानी मालेची सिटी टूर, हे जे त्याने बसवून दिलंय ते आधी खोड. बेट एक, खोली एक. बाकी जे काय विचारायचं ते त्याच्यानंतर विचार.

तुम्हाला पीडीएफमध्ये दोन सुंदर फोटो शेजारी शेजारी दिसतात म्हणून ती बेटंही शेजारी आहेत असं वाटतंय. १,१९२ बेटं आहेत त्या देशात, २६ अ‍ॅटॉलमध्ये विखुरलेली, आणि रिसॉर्ट म्हणजे साधारण अख्खं एक बेट. एका रिसॉर्टमधून दुसऱ्या अ‍ॅटॉलमधल्या रिसॉर्टला जायचं तर बहुतेक वेळा परत विमानतळावर यावं लागतं आणि तिथून नवीन ट्रान्सफर. म्हणजे तुमचा तिसरा दिवस कसा जाणार सांगू? सकाळी उठल्यापासून बॅगा भरायच्या, ओले स्विमिंगचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचे, बाराला चेकआउट, बिलावर सह्या, जेटीवर उन्हात उभं राहायचं, बोटीने विमानतळ, लाउंजमध्ये बसून सीप्लेनची, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाची, वाट, मग दुसरं बेट, तिथे परत तो थंड टॉवेल आणि वेलकम ड्रिंक, परत बग्गीत बसवून एक जण अर्धा तास सांगणार की ब्रेकफास्ट कुठे, टॉवेल कुठे मिळतात, आणि हे सगळं ऐकून झालं की सूर्य बुडायला आलेला. त्यात काही रिसॉर्ट आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, म्हणजे दुपारी तुमची वेळसुद्धा बदलणार. चारातला एक दिवस गेला, आणि त्याचे पैसे तुम्हीच भरणार, सीप्लेनचं येण्याजाण्याचं भाडं कित्येक ठिकाणी माणशी ४०० डॉलरच्या वर जातं.

आता सीप्लेनचंच बघ. एजंटने हे तुला सांगितलेलं दिसत नाही म्हणून मला जास्त राग आलाय. ती विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमची फ्लाइट उतरतेय संध्याकाळी साडेपाचला! इमिग्रेशन आणि बॅगा होईपर्यंत अंधार. मग पहिली रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेच्या हॉटेलात आणि तुमच्या त्या महागड्या व्हिलाची एक रात्र आपोआप कमी. शिवाय सामान २० किलो आणि हातात ५, त्याच्या वर वजनाप्रमाणे पैसे, आणि तुझ्या सामानाचा मला अंदाज आहे. तेव्हा एक तर सकाळची फ्लाइट बघा, नाहीतर उत्तर किंवा दक्षिण माले अ‍ॅटॉलमधलं, स्पीडबोटीने जाता येईल असं रिसॉर्ट घ्या. स्पीडबोट अंधारातही सोडतात. सीप्लेनमधून खाली निळ्या रंगाची वर्तुळं दिसतात ते खरंच बघण्यासारखं असतं, मी नाही म्हणत नाही, पण त्यासाठी रात्र घालवू नका.

तुझा तो म्हणतोय की "दोन्ही एक्सपिरियन्स घेऊ." त्याला माझ्याकडून सांग की खोली बदलून एक्सपिरियन्स दुप्पट होत नाही बाबा. पहिल्या दिवशी तुम्ही लग्नाच्या थकव्याने झोपूनच जाल. दुसऱ्या दिवशी कळतं की भरती कधी येते. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासत पायरीवर बसलात तर बोटभर काळी टोकं पाण्यातून फिरताना दिसतात, ती शार्कची पिल्लं, घोटाभर पाण्यात, सहसा चावत वगैरे नाहीत, आणि तो राखाडी बगळा रोज त्याच ठिकाणी एका पायावर उभा असतो, तुम्ही जवळ गेलात तर वैतागून चार पावलं लांब जातो, उडत नाही. हे तिसऱ्या दिवशी दिसायला लागतं. आणि त्याच दिवशी तुम्ही बॅगा भरणार?

आता तुला वाटेल मावशी एकाच गोष्टीवर अडून बसलीये. बसलेच आहे. आमचं लग्न झालं तेव्हा घरच्या मोठ्यांनी ठरवून दिलेल्या ग्रुप टूरवर आम्हाला पाठवलं होतं, रोज नवीन हॉटेल, सकाळी सहाला बस, आणि त्या अख्ख्या टूरमध्ये तुझ्या काकांशी माझं धड बोलणंच झालं नाही. तो माणूस घोरतो हेसुद्धा मला घरी आल्यावर कळलं. म्हणून खूप वर्षांनी मालदीवला गेलो तेव्हा मी ठाम होते, एकच बेट. काका आजही चारचौघांत सांगतात की हिच्यामुळे वॉटर व्हिला राहिला. सांगू देत. पण रोज संध्याकाळी तेच जेटीच्या टोकाला पाय सोडून बसायचे आणि मला हाका मारून बोलवायचे, ते काही कुणाला सांगत नाहीत. आम्ही जे बोललो ना तिथे, सासूबाईंच्या आजारपणातलं, माझ्या सोडलेल्या नोकरीचं, ते घरात इतक्या वर्षांत निघालं नव्हतं. दुसऱ्या बेटावर गेलो असतो तर निघालं नसतंच असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण मला तसंच वाटतं आणि मी ते बदलणार नाहीये.

बरं, खोली कुठली? तुला पोहता येत नाही आणि तू तुझ्या त्याला हे अजून सांगितलेलं नाहीस, हे वाचून मी कपाळाला हात लावला. आधी ते सांग. वॉटर व्हिलाच्या शिडीखाली काही ठिकाणी कमरेइतकं पाणी असतं, काही ठिकाणी खोल आणि ओढ असलेलं. तुझ्यासाठी बीच व्हिला बरा, समोर उथळ लगून, म्हणजे शांत पाणी, हळूहळू पाय टाकत जाता येतं. त्याला मासे बघायचे असतील तर हाउस रीफ, म्हणजे बेटाजवळची पोवळ्यांची रांग, किनाऱ्यापासून किती लांब आहे ते विचारा, नुसतं "रीफ आहे" म्हणाले तर ऐकू नका, २०१६ साली समुद्र तापून तिथलं पुष्कळ पोवळं पांढरं पडून मेलं, काही ठिकाणी सावरलंय, काही ठिकाणी नाही, तेव्हा अलीकडे जाऊन आलेल्यांचे फोटो बघा. तू लाइफ जॅकेट घाल, लाजू नको. आणि त्याला डायव्हिंग करायचं असेल तर सुरुवातीच्या दिवसांत, कारण शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं.

तुम्ही जूनमध्ये जाताय, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारे. पाऊस येईल, जाईल, कदाचित एक अख्खा दिवस येईल. एका जागी असलात तर पडवीत बसून बघाल. बेट बदलायच्या दिवशी आला तर स्पीडबोटीत उलट्या काढत बसाल. परत तेच सांगतेय, हो.

पैशाचं पटकन. किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतात त्यांचा अर्थ १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर १७ टक्के टॅक्स, म्हणजे १०० डॉलरचे १२८ डॉलर ७० सेंट होतात. शिवाय रिसॉर्टला ग्रीन टॅक्स माणशी रोज १२ डॉलर, तुमच्या चार रात्रींचे दोघांचे ९६. बेटावर दुसरं दुकान नाही, हॉटेल नाही, म्हणून जेवण धरूनच बुकिंग करा, हाफ बोर्ड (नाश्ता आणि एकच जेवण) स्वस्त दिसतं पण दुपारच्या सँडविचचं बिल बघून तुमचं पहिलं भांडण होईल. दुसऱ्या रिसॉर्टचे जे पैसे वाचतील त्यात आरामात जेवाल.

वाटेत ड्यूटी फ्रीची बाटली घेऊ नका, कस्टमवाले ठेवून घेतात, परत जाताना देतात. आईने पूजेची छोटी मूर्ती बॅगेत टाकली तर काढून ठेव, पूजेच्या मूर्ती तिथे आणायला बंदी आहे, आईला नीट समजावून सांग, भांडू नको. शंख, पोवळी उचलून आणायची नाहीत. निघण्याआधीच्या ९६ तासांत मालदीवच्या इमिग्रेशनचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, दोघांचा वेगळा. मॅरेज सर्टिफिकेट मागतात, हनिमूनचा केक आणि डिस्काउंट हवा असेल तर, म्हणून रजिस्ट्रेशन लग्नाच्याच आठवड्यात उरका, "बघू नंतर" करू नका.

एजंटला आज एवढंच लिही: एकच रिसॉर्ट, चारही रात्री एकच बीच व्हिला, स्पीडबोट ट्रान्सफर, फुल बोर्ड (तिन्ही वेळचं खाणं), सगळे टॅक्स धरून एकच आकडा. पण त्याआधी पोहण्याचं तुझ्या त्याला सांग, आजच. आणि एजंटने पुन्हा "मॅडम, लोक दोन आयलंड करतात" सुरू केलं तर त्याचा नंबर मला पाठव, मी बोलते.

मावशी