ज्युनियर जागतिक स्पर्धेत सर्वांत चांगला वेळ असलेली मुलगी १५०० मीटरमध्ये मागे कशी पडते?

तुम्ही लिहिलंय की पुतणी वाळपईला शाळेत ८०० आणि १५०० धावते, तिच्यासोबत वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेतली मुलींची १५०० ची फायनल मोबाइलवर पाहिलीत. कागदावर जी सर्वांत वेगवान, ती सातवी. पहिले दोन लॅप तर सगळ्याजणी देवळात चालल्यासारख्या. मग मुद्दाम हळू धावत होत्या का, असं विचारलंय.

हो, मुद्दामच.

मी कॉलेजपर्यंत ८०० धावले, आता फोंड्याकडे एका शाळेत पीटी शिकवते. हा प्रश्न माझ्या मुलीही दर वर्षी विचारतात.

विक्रमाच्या शर्यतीत पेसर असतो. ठरलेल्या वेगाने दोन-अडीच लॅप ओढायचे आणि बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. अजिंक्यपदाच्या शर्यतीत पेसर नसतो. मग पुढे राहून वारा अंगावर कोण घेणार? जी घेते तिच्या आडोशाने बाकीच्या फुकटात येतात आणि शेवटच्या तीनशेला तिला ओलांडून जातात. सगळ्यांनाच हे ठाऊक, म्हणून कोणीच पुढे जात नाही.

याचं सर्वांत ठळक उदाहरण सीनियरमधलं आहे. इथिओपियाच्या गेन्झेबे दिबाबाने २०१५ मध्ये मोनॅकोला १५०० चा विश्वविक्रम केला, ३:५०.०७. पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकची फायनल ४:०८.९२ मध्ये जिंकली गेली. जवळजवळ १९ सेकंद हळू! दिबाबाला रौप्य मिळालं आणि सुवर्ण घेतलं केनियाच्या फेथ किपयेगॉनने. ही किपयेगॉन २०१२ मध्ये बार्सिलोनाला १५०० ची ज्युनियर जगज्जेती होती, त्याआधी २०११ च्या जागतिक क्रॉस कंट्रीत ज्युनियर गटात अनवाणी धावून जिंकलेली. रिओनंतर टोकियो आणि पॅरिसचं सुवर्णही तिचंच, आणि आता १५०० चा विश्वविक्रमही (३:४८.६८, जुलै २०२५). म्हणजे विक्रमी वेळ नोंदवता येणारी आणि शर्यत जिंकता येणारी, दोन्ही तीच. अशा फार नसतात.

ज्युनियरमध्ये गंमत आणखी वाढते. स्पर्धेच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय १६ ते १९ असावं लागतं, म्हणजे अकरावीतली मुलगी आणि कॉलेजातली दोन वर्षं काढलेली मुलगी एकाच रेषेवर. एका देशाच्या एका प्रकारात दोघीच, त्यामुळे केनिया, इथिओपियाच्या जोड्या कधी कधी ठरवून येतात आणि बंदूक सुटताच सुसाट निघतात. मग तुम्ही पाहिलंत त्याच्या उलट चित्र दिसतं. त्यांच्या मागे लागलेली सोळा वर्षांची पोर हजार मीटरला अक्षरशः चालायला लागते. शिवाय फायनलच्या आधी हीट, म्हणजे पात्रता फेरी असते, ८०० ला बहुतेक वेळा सेमीफायनलही. तुमच्या यादीतली ‘सर्वांत वेगवान’ मुलगी हीटमध्येच किती खर्च झाली होती, हे यादी सांगत नाही.

दुसरं कारण साधं गणित आहे, आणि ते आमच्याकडे कोणी शिकवत नाही. एक लेन १.२२ मीटर रुंद. एका वळणावर दुसऱ्या लेनमधून धावलं तर सुमारे ३.८ मीटर जास्त पडतात. ८०० ला चार वळणं, त्यातलं पहिलं प्रत्येकीच्या आपापल्या लेनमध्ये. उरलेली तीन बाहेरून काढली तर साडेअकरा मीटर फुकट. २ मिनिटं ५ सेकंदांत ८०० धावणाऱ्या मुलीला हे जवळपास १.८ सेकंदांना पडतं. एवढ्यात पदक जातं.

मग आत राहावं? आतच राहिले होते ना मी! बारावीत असताना राज्य पातळीच्या फायनलला माझा वेळ सर्वांत चांगला होता. सरांनी सकाळपासून एकच मंत्र दिला होता, आत धर. मी आत धरलं. शेवटच्या लॅपची घंटा वाजली तेव्हा पुढे एक, उजव्या खांद्याला एक, मागे तिसरीचे स्पाइक्स माझ्या टाचेला लागतायत, डावीकडे ट्रॅकची कड. पायांत भरपूर दम होता आणि जायला वाट नव्हती. दोनशे उरले असताना बाहेरून तिघी निघून गेल्या. मला वाट मिळाली ती शेवटच्या साठ मीटरला. पाचवी. मी रडतेय बघून सर पाण्याची बाटली देत म्हणाले, “अगे बाय, तुला आत धर म्हटलं होतं, आत झोप म्हटलं नव्हतं.” तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता.

बरोबर जागा म्हणजे पहिली-दुसरीच्या मागे, पण अर्धी लेन बाहेर, पुढच्या मुलीच्या उजव्या खांद्याजवळ. वळणावर दीड-दोन मीटर जास्त पडतात, पण दार उघडं राहतं. तो व्हिडिओ पुन्हा लावा आणि तीनशे मीटर उरलेले असताना थांबवा. जिंकलेली मुलगी तेव्हा कुठे आहे बघा. बहुतेक त्या खांद्याजवळच सापडेल, आणि तुमची सातवी आत पेटीत बंद किंवा पार मागे.

८०० साठी आणखी एक, कारण गोव्यातल्या मुलींची इथे हमखास फसगत होते. आपल्याकडे शाळेचं मैदान म्हणजे फुटबॉलचं मैदान. त्यावर चुन्याने आखलेला दोनशेचा ट्रॅक, आठशे म्हणजे चार फेऱ्या, आणि सुटल्या सुटल्या सगळ्या आत घुसतात. सिंथेटिक ट्रॅकवर पहिलं वळण आपल्याच लेनमध्ये संपवायचं असतं. ते संपल्यावर ट्रॅकभर आडवी हिरवी वाकडी रेघ असते, तिच्यावर लेनच्या रेषांशी बोटभर उंचीचे छोटे ठोकळे ठेवलेले असतात. ती ओलांडल्यावरच आत यायचं. लवकर आलात की वळणावरचा पंच पिवळा झेंडा वर करतो. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत भारताची शायनी अब्राहम ८०० ला पुढे असूनही याच कारणाने बाद झाली. तीही १९८४ च्या ऑलिंपिकची सेमीफायनल धावलेली मुलगी, नवखी नव्हे. (रेघ ओलांडल्यावर एकदम आत उडी घेऊ नये, हेही सांगा. समोरच्या सरळ भागाच्या शेवटाकडे नजर ठेवून तिरकं तिरकं आत यायचं.)

सरावात एवढंच बदला. नेहमी घड्याळ लावून एकटीला पळवू नका. चार-पाच मुलींसोबत ६०० धावायला लावा, पहिले ४०० तिला सोपे वाटतील इतके हळू, शेवटचे २०० जीव तोडून. कधी तिला मुद्दाम मध्ये कोंडा आणि बाहेर पडायला सांगा. मुलं सोबत असली तर उत्तम, ती कोपरं आवरत नाहीत.

आणि बांबोळीला तिची पहिली स्पर्धा असेल तेव्हा आदल्या संध्याकाळी घेऊन जा. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचं अॅथलेटिक्स तिथेच झालं होतं, ट्रॅक चांगला आहे. पठारावर असल्याने संध्याकाळी वारा लागतो, कोणत्या सरळ भागात तो तोंडावर येतो ते तिला स्वतः धावून कळू दे. मग तिला त्या हिरव्या रेघेवर उभी करा आणि प्रत्येक लेनमधून एकदा तरी आत यायला लावा.