लहान कॅम्परव्हॅन घेताना जागेवर किती खर्च करावा?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राचा सारांश आधी देतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपण दोघे निवृत्तीच्या जवळ आहात आणि वर्षातील साधारण तीन महिने प्रवासात काढता. आजवर वापरलेली ७.२ मीटर लांबीची मोटरहोम (झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) विकून आपण ५.४ मीटरची, थोडी वापरलेली कॅम्परव्हॅन घेणार आहात, कारण मोठी गाडी अरुंद रस्त्यांवर चालवणे आपल्या पत्नीला नकोसे झाले आहे आणि तिचा वार्षिक खर्चही आता जाणवू लागला आहे. जुन्या गाडीचे १०० आले असे धरले, तर नवी गाडी ७० ला पडते आणि ३० हाती उरतात. जुन्या गाडीतील सामान नव्या गाडीत मावणार नाही, म्हणून जागा वाढवण्यावर या ३० पैकी १२ खर्च करण्याचा आपला विचार आहे: मापाने करून घेतलेल्या कपाटांवर ९, लिथियम बॅटरीवर २ आणि छतावरच्या पेटीवर १. तरीही जे सामान उरेल ते वर्षाला २ भाडे देऊन एका खोलीत ठेवायचे. दुसरा पर्याय म्हणजे हीच गाडी ६ मीटर लांबीत ८ जास्त देऊन घेणे. ‘यांपैकी शहाणपणाचे काय?’ असे आपण विचारले आहे. आपण हिशेब १०० च्या प्रमाणात मांडला हे उत्तम केले, मीही तीच पद्धत पुढे वापरतो.

माझे मत असे की सुरुवातीला ३ पेक्षा जास्त खर्च करू नये, आणि भाड्याची खोली तर घेऊच नये.

खोलीपासूनच सुरुवात करतो, कारण यादीत ती स्वस्त दिसते आणि प्रत्यक्षात सर्वांत महाग आहे. वर्षाला २ हे भाडे दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर सहा वर्षांत १३.६ भरावे लागतात. खोलीत जे ठेवायचे आहे, म्हणजे जोडतंबू (गाडीला बाजूने जोडायचा तंबू), जनरेटर, जादा खुर्च्या-टेबल, सायकलींचा जुना स्टँड आणि स्वयंपाकाचा दुसरा संच, त्याची आजची विक्री-किंमत आपणच ५ सांगितली आहे. ते ५ सहा टक्के व्याजाने सहा वर्षे ठेवले तर ७.१ होतात. याचा अर्थ, जुने सामान राखण्याची खरी किंमत २० च्या पुढे जाते, आणि सहा वर्षांनी ते सामान ५ चे राहिलेले नसेल हे निराळेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो व्यवहार हाच. त्यातला जोडतंबू तर जुन्या गाडीच्या उंचीच्या मापाचा आहे, तो नव्या गाडीला धड बसणारही नाही. तो जुन्या गाडीबरोबरच द्यावा. जनरेटर, खुर्च्या आणि सायकलींचा स्टँड मात्र वेगळे विकावेत, कारण गाडी घेणारा अशा वस्तू पाहून खूश होतो, पण त्यांच्यासाठी वेगळे पैसे क्वचितच मोजतो. विक्रीची वेळही पाहावी. प्रवासाचा हंगाम सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत गाडीला आणि सामानाला जी मागणी असते, ती हंगाम उलटल्यावर राहत नाही.

आता कपाटांकडे वळतो. सुताराने ३०० लिटर जादा जागा देण्याचे सांगितले आहे. अशा कामाचा सगळ्यात मोठा तोटा असा की ते आपल्या सवयींच्या मापाने केलेले असते आणि पुढच्या ग्राहकाच्या सवयी वेगळ्या असतात, त्यामुळे फेरविक्रीत त्याचे मोल फारसे मिळत नाही. ९ पैकी दीड परत मिळेल असे मी उदारपणे धरतो. हेच ९ सहा टक्क्यांनी सहा वर्षांत १२.८ झाले असते, म्हणून कपाटांचा खरा खर्च ११.३ होतो. लांब गाडीसाठी द्यावे लागणारे ८ मात्र गाडीच्या किमतीतच राहतात. सहा वर्षांनी घसारा वजा जाता साठ टक्के किंमत टिकली, असे गृहीत धरून ४.८ परत येतात, आणि व्याज धरूनही निव्वळ खर्च ६.५ च्या घरात राहतो. वाढीव ६० सेंटीमीटर, आतली रुंदी सुमारे १.८ मीटर आणि उंची १.९ मीटर असा गुणाकार केला तर दोन हजार लिटरहून थोडी अधिक जागा येते. त्यातली निम्मी वावरण्यात गेली तरी हजार लिटर हाती लागतात. निव्वळ जागेच्या भावाने पाहिले तर लांब गाडी कपाटांपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, यात शंका नाही.

तरीही मी लांब गाडी सुचवत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच पत्रात एका ओळीत येऊन गेले आहे: घरासमोरची गाडी लावायची जागा ५.६ मीटर आहे. सहा मीटरची गाडी तिथे मावणार नाही. मग ती बाहेर भाड्याच्या जागेत लावावी लागेल, आणि जो खर्च टाळण्यासाठी गाडी लहान करायची तोच दुसऱ्या दाराने आत येईल. शिवाय आपल्या पत्नीला गाडी चालवायला सोपी हवी आहे. हा निकष पैशात मांडता येत नाही, पण ज्या कारणासाठी सगळा व्यवहार चालला आहे ते कारणच स्वस्तात मिळते म्हणून बाजूला ठेवायचे, हे मला पटत नाही. जिथे गाडी लावण्याची अडचण नाही, तिथे माझे उत्तर नेमके उलटे असते.

यापुढचा मुद्दा वजनाचा आहे. खरे तर तो सर्वांत आधी यायला हवा होता, कारण लहान गाडीत जागा संपण्याआधी बहुधा वजनाची मर्यादा संपते. आपण पाठवलेल्या कागदांनुसार गाडीचे कमाल अधिकृत वजन ३३०० किलो आणि चालू स्थितीतील वजन २८३० किलो आहे, म्हणजे कागदोपत्री ४७० किलो शिल्लक आहेत. चालू स्थितीच्या आकड्यात बहुतेक वेळा ७५ किलोचा एक चालक आणि जवळजवळ भरलेली इंधनाची टाकी धरलेली असते. पाण्याचे काय धरले आहे ते मात्र तपासावे लागते, आणि आपल्या कागदांत ते धरलेले नाही. आता त्या ४७० मधून वजाबाकी करू. सोबतची व्यक्ती ७०. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. गाडीच्या बाजूला उघडणारे कापडी छत सुमारे २८. दोन विजेवरच्या सायकली आणि त्यांचा स्टँड मिळून ७०. भरलेले गॅस सिलिंडर २४. एवढ्यानेच २९२ किलो जातात आणि १७८ उरतात. आता सुताराचे काम घ्या. १२ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायवूडच्या पूर्ण मापाच्या, म्हणजे २.४४ बाय १.२२ मीटरच्या एका फळीचे वजन साधारण २४ किलो भरते. तीन फळ्या लागल्या तर ७२ किलो, बिजागऱ्या, खणांच्या पट्ट्या आणि स्क्रू वेगळे. म्हणजे कपडे, अंथरूण, भांडी, शिधा आणि हत्यारे या सगळ्यासाठी शंभर किलोच्या आसपास उरतात. नऊ मोजून ३०० लिटर जागा घ्यायची आणि ती वजनामुळे भरता येणार नाही, असा हा प्रकार होईल.

ही मर्यादा ओलांडणे केवळ दंडापुरते नसते. अनेक देशांत साध्या मोटारीच्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचेच वाहन चालवता येते, त्यामुळे गाडीची अधिकृत मर्यादा कागदोपत्री वाढवून घेण्यालाही एक कुंपण आहे. आणि जादा वजन घेऊन अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यात वाद उभा राहू शकतो, ज्याची किंमत या साऱ्या आकड्यांपेक्षा मोठी असेल. म्हणून गाडी ताब्यात आल्यावर नेहमीचे सामान भरून, पाणी भरून, दोघांनी बसून तिला एकदा वजनकाट्यावर न्यावे, आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या जोडीचे वजन वेगवेगळे मोजून घ्यावे. मागे सायकली लटकत असतील तर एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस मर्यादेबाहेर गेलेला आढळू शकतो.

छतावरच्या पेटीबद्दल थोडक्यात. खरेदीची किंमत कमी आहे हे मान्य, पण आपली गाडी आधीच सुमारे २.६ मीटर उंच आहे. पेटी बसली की ती तीन मीटरच्या घरात जाईल. बोटीने गाडी नेताना भाडे बहुधा लांबी आणि उंची पाहून ठरते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे महामार्गावर पेटीचा भार इंधनावर स्पष्ट पडतो. आणि प्रत्येक वेळी वस्तू काढण्यासाठी साठीच्या उंबरठ्यावर शिडी चढणे मला आर्थिक दृष्टीनेसुद्धा स्वस्त वाटत नाही.

बॅटरीचे प्रकरण निराळे आहे. हा खर्च मला तत्त्वतः योग्य वाटतो, फक्त आत्ता नाही. गाडीत सध्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. प्रत्येकी साधारण २५ किलोच्या, आणि त्यांचे आयुष्य टिकवायचे तर निम्म्याहून अधिक क्षमता वापरता येत नाही. १०० अँपिअर-तासांची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२ किलोंच्या आसपास असते आणि तिची बहुतेक क्षमता वापरता येते. म्हणजे काम तेवढेच, जागा जवळजवळ निम्मी आणि सुमारे ३८ किलोंची बचत. वजनाचा वर मांडलेला हिशेब पाहता हे ३८ किलो मोलाचे आहेत. परंतु जुन्या बॅटऱ्या चालत असतील तर त्यांचे उरलेले आयुष्य फुकट का घालवावे? त्या दमल्या की बदला. त्या वेळी चार्जर लिथियमला चालणारा आहे का ते विचारा, नाहीतर २ चे ३ होतील. शून्य अंशाखाली या बॅटऱ्या चार्ज करायच्या नसतात. आपण थंडीत डोंगराळ भागात जाता, तेव्हा हे ध्यानात असावे.

मग पहिल्या ३ चे काय करायचे? गाडीत मागे पक्का पलंग आहे, १.९ बाय १.३ मीटरचा. तो केवळ १० सेंटीमीटर वर उचलला तर खाली सुमारे २४७ लिटर जागा मोकळी होते. सुताराच्या ३०० लिटरांच्या जवळपास, आणि पलंगाचे पाय किंवा कडेचे टेकू उंच करण्याइतक्याच खर्चात व वजनात. मात्र आधी गादीवर बसून पाहावे. डोके छताला लागत असेल तर पाच सेंटीमीटरवर समाधान मानावे. त्याखाली बाहेरून, मागच्या दारातून ओढून घेता येतील अशा दोन-तीन हलक्या पेट्या, दारांच्या आतल्या बाजूला कापडी खिसे, आणि पुढच्या सीट फिरणाऱ्या नसतील तर निदान एक सीट फिरती करणे, एवढे या ३ मध्ये बसावे. फिरती सीट हा सामानाचा खर्च वाटत नाही, पण बसायला वेगळी बैठक लागली नाही की ती जागा सामानाला मिळते. फेरविक्रीतही ग्राहक तिला दाद देतो, जी तो कपाटांना देत नाही. हवा काढून दाबलेल्या पिशव्यांबद्दल आपण विचारले होते. अंथरुणासाठी त्या चांगल्या, परंतु त्या आकार कमी करतात, वजन नाही, आणि त्यामुळे माणूस नकळत जास्त भरतो.

यानंतर एक पूर्ण हंगाम प्रवास करावा आणि परत आल्यावर ज्या वस्तूला हातही लागला नाही ती बाहेर काढावी. त्यानंतरही एखादी अडचण दररोज जाणवत असेल, तर तेवढ्यापुरते सुतारकाम हलक्या पॉप्लर प्लायवूडमध्ये करून घेण्यासाठी आणखी ३ बाजूला ठेवतो. बॅटरीही त्यातूनच. हौसेला मोल नसते हे मी जाणतो. पण हौस नेमकी कोणती हे एका हंगामानंतर जितके कळते तितके गाडी घेण्याच्या आदल्या दिवशी कळत नाही.

उरलेल्या २४ पैकी ६ दुरुस्तीसाठी, केव्हाही काढता येतील अशा ठेवीत ठेवावेत. वापरलेल्या गाडीत टायर झिजलेले नसले तरी वयाने बदलावे लागतात, आणि ओल शिरली असेल तर ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. राहिलेले १८ निवृत्तीच्या निधीत जावेत. पहिल्या तीन वर्षांत लागू शकेल तेवढी रक्कम स्थिर व्याजाच्या ठेवीत, बाकीची आपण आधीपासून ज्या प्रमाणात गुंतवता त्याच प्रमाणात. गाडी लहान झाली म्हणून जोखीम मोठी करण्याचे कारण नाही.

भाड्याच्या खोलीसाठी आपण आगाऊ रक्कम भरली असल्याचे पत्राच्या शेवटी लिहिले आहे. करारातील सूचनेची मुदत आज पाहून घ्या. ती एक महिन्याची असेल तर गाडीचा व्यवहार पूर्ण होण्याची वाट न पाहता लेखी सूचना द्यावी, आणि पलंगाची उंची किंवा सीट बदलण्याआधी विमा कंपनीला हे बदल कळवून त्यांचे उत्तर लेखी घ्यावे.