एफडीला दुसरा हप्ता नसतो

घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीजवळ राहणाऱ्या एका वाचकाने आपल्या २०१३ सालच्या डिझेल स्विफ्टविषयी विचारले आहे. १ लाख ७८ हजार किलोमीटर धावलेली ही गाडी गायमुखच्या चढावर तापली. तापमानाचा लाल दिवा लागला तरी 'घर आता चार किलोमीटरवर आहे' म्हणून ते चालवत राहिले, आणि सोसायटीच्या फाटकातच इंजिन सीझ झाले, म्हणजे आतून जाम झाले. वागळे इस्टेटमधल्या गॅरेजवाल्याने त्यांना तीन मार्ग सांगितले. याच इंजिनाचे काम करायचे तर ७० हजार रुपये, मागून ठोकर बसून भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स बसवायचे तर मजुरीसह ९५ हजार, आणि दोन्ही नको असेल तर आहे त्या स्थितीत गाडी ६० हजारांना विकून साडेचार लाखांची सेकंड हँड गाडी कर्जावर घ्यायची. वाचकांचे वय ४२, हातात येणारा पगार ७८ हजार, शाळेत जाणारी एक मुलगी, आणि ६८ वर्षांच्या आई, ज्यांना दरमहा १९ हजार कुटुंब निवृत्तिवेतन मिळते.

पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात ते सहज लिहून जातात: 'आईच्या एफडीचा अडीच लाखांचा दुसरा हप्ता १८ नोव्हेंबरला भरायचा आहे. त्यासाठी बोनसमधले सव्वा लाख मी बाजूला ठेवले आहेत, उरलेले आईच्या खात्यातून जातील. माझे सव्वा लाख गाडीला वापरले, तर तेवढा हप्ता क्रेडिट कार्डावर मासिक हप्ते करून भरावा का?'

एफडीला दुसरा हप्ता नसतो. पैसे एकदा ठेवायचे आणि मुदत संपली की व्याजासह घ्यायचे, एवढाच तो व्यवहार आहे. हप्ता असतो तो रिकरिंगला, कर्जाला किंवा विम्याला. पत्रासोबत तुम्ही जोडलेल्या कागदाचे पहिले पान पाहिले, आणि तो यातला तिसरा प्रकार, म्हणजे विमा निघाला. त्यामुळे गाडीकडे मी नंतर वळणार आहे. ती गॅरेजमध्ये आणखी आठवडाभर उभी राहिल्याने काही बिघडत नाही.

त्या पानावर जे स्वच्छ छापलेले आहे, ते असे आहे. प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी घेणाऱ्या, तुमच्या आई, विमा तुमच्या आयुष्यावर, विमा रक्कम २५ लाख, वार्षिक हप्ता अडीच लाख, पॉलिसीची मुदत २० वर्षे आणि हप्ते भरण्याची मुदत १० वर्षे. वडिलांच्या पश्चात मिळालेल्या दहा लाखांची ठेव मोडून, ते पैसे चार वर्षांत चार भागांत 'नव्या एफडीत' जातील आणि शेवटी दुप्पट होतील, असा तुमचा समज झालेला आहे. तो समज करून देणाऱ्या बँकेतल्या बाईंनी दुप्पट हा शब्द खोटा वापरला नाही, ही यातली खुबी आहे. दहा वर्षांत २५ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी ५० लाख घ्यायचे. ही दुप्पटच झाली. मात्र चार हप्त्यांचे दहा होतात, दहा लाखांचे पंचवीस लाख होतात, आणि पॉलिसी परिपक्व होईल तेव्हा ज्यांच्या म्हातारपणाची ही सोय म्हणून सांगितली गेली, त्या तुमच्या आई ८७ वर्षांच्या असतील.

आता या दुपटीचा दर काढू. हप्ते दहा वर्षांत पसरलेले असल्यामुळे प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षे कंपनीकडे राहतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागले की ढोबळ व्याजदर निघतो; ७२ ला साडेपंधराने भागले की साडेचार टक्क्यांच्या आसपास उत्तर येते. वर्षाला साडेचार टक्के. टपाल खात्याच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठी ओलांडलेल्या माणसाला ८.२ टक्के व्याज मिळते, तेही दर तिमाहीला हातात. आणि हा साडेचार टक्क्यांचा हप्ता तुम्ही क्रेडिट कार्डावर, म्हणजे चौदा-पंधरा टक्क्यांनी कर्ज काढून भरू पाहत आहात.

पुढचा हिशेब अधिक बोचरा आहे. आईंकडे आता साडेसात लाख उरले आहेत, म्हणजे फक्त तीन हप्ते. चौथा हप्ता भरला की त्यांची पुंजी संपली आणि पुढचे सहा हप्ते, म्हणजे १५ लाख रुपये, तुमच्या डोक्यावर आले. वर्षाला अडीच लाख म्हणजे महिन्याला २१ हजार, तुमच्या पगाराच्या पाव हिश्श्याहून जास्त, आणि तेही सलग सहा वर्षे. चार भरून थांबलात तर पॉलिसी पेड-अप होईल, म्हणजे शेवटी मिळणारी रक्कम त्या प्रमाणात आटेल आणि तरीही मुदत संपेपर्यंत अडकलेली राहील. दहा लाखांची ऐपत असलेल्या घराला पंचवीस लाखांची बांधिलकी चिकटवून देणाऱ्याला हे गणित येत नसेल, असे मला वाटत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की दुसरा हप्ता भरू नये. 'पहिले अडीच लाख बुडतील' ही भीती मनात येईल, ती स्वाभाविक आहे, पण आकडे तिच्या बाजूने नाहीत. ते अडीच लाख पूर्ण बुडाले असे धरले आणि उरलेल्या नऊ हप्त्यांचे पैसे त्याच तारखांना केवळ सहा टक्क्यांनी ठेवत गेलात, तरी विसाव्या वर्षी सुमारे ५४ लाख होतात, पॉलिसीपेक्षा चार लाख जास्त. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखापर्यंत आज ७.१ टक्के मिळतात आणि त्यावर करही नाही. राहिला २५ लाखांचा विमा. तेवढे संरक्षण निव्वळ टर्म पॉलिसीत, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणाऱ्या विम्यात, वर्षाला काही हजारांत मिळते, आणि मुलगी लहान असताना तुम्हाला खरे तर याच्या चौपट संरक्षणाची गरज आहे.

शिवाय ते पूर्ण बुडतील असेही नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल, तर पहिले पॉलिसी वर्ष संपल्यावर काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यास परत मिळणारी रक्कम, कंपनीला द्यावे लागते. पूर्वी एकच हप्ता भरून थांबणाऱ्याच्या हाती सहसा भोपळा येत असे. तुमची पॉलिसी गेल्या नोव्हेंबरची आहे, म्हणून हा आकडा कंपनीकडून लेखी मागवा. शाखेतल्या कुणाच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका, कारण तिथे तुम्हाला 'निदान पाच वर्षे तरी भरा' एवढेच ऐकायला मिळेल. वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, त्यामुळे १८ नोव्हेंबर ही तारीख वाटते तेवढी धारदार नाही. अशी पॉलिसी लॅप्स झाली, म्हणजे हप्ता न भरल्याने बंद पडली, तरी पाच वर्षांपर्यंत पुन्हा चालू करता येते, हेही कुणी घाबरवू लागले तर लक्षात असू द्या.

पण सरेंडरच्या आधी तक्रार. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती विनाकारणही परत करता येते. ती मुदत तुमच्या हातून गेली. फसवून विकल्याची तक्रार मात्र करता येते, आणि तुमच्याकडे पुरावा आहे, जो तुम्ही बहुधा वाचलेलाच नाही. पॉलिसीच्या मागे प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विम्यासाठी केलेल्या अर्जाची, प्रत आहे. तिच्यात आईंच्या नावापुढे 'व्यवसाय: स्वतःचा धंदा' आणि 'वार्षिक उत्पन्न: ९ लाख' असे टाइप केलेले आहे, आणि खाली थरथरत्या अक्षरात त्यांची मराठी सही. ज्यांचे वर्षाचे निवृत्तिवेतन २ लाख २८ हजार आहे, त्यांच्या गळ्यात अडीच लाखांचा वार्षिक हप्ता बसवायचा तर उत्पन्न फुगवावेच लागते. पॉलिसी देण्यापूर्वी खातरजमेचा फोन आला होता आणि 'सगळ्याला हो म्हणा' असे बाईंनी शेजारी बसून सांगितले होते, असेही तुम्ही लिहिले आहे. त्या फोनचे ध्वनिमुद्रण कंपनीकडे मागा. निवृत्तिवेतनाचे पासबुक जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आईंच्या सहीने अर्ज करा, पैसे परत मिळावेत अशी मागणी स्पष्ट शब्दांत लिहा, आणि विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. यश मिळेलच असे मी सांगणार नाही, पण उत्पन्नाची खोटी नोंद ही दुबळी बाजू नव्हे.

आईंच्या साडेसात लाखांपैकी दीड लाख दवाखान्यासाठी साध्या ठेवीत राहू द्या आणि सहा लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. दर तिमाहीला १२ हजार ३०० रुपये त्यांच्या स्वतःच्या खात्यात येतील. त्या बँकेत पुन्हा जाताना मात्र आईंना एकटीला पाठवू नका.

आता गाडी. सव्वा लाख तुमचे आहेत आणि हप्ता भरायचा नसल्यामुळे ते मोकळे झाले आहेत. पण पत्रात दुसऱ्या कुठल्याही शिलकीचा उल्लेख नाही, म्हणून ते सगळेच्या सगळे गाडीत घालणे मला मान्य नाही. कर्जाची गाडी सर्वांत आधी बाद. जुन्या गाडीचे ६० हजार वजा करून ३ लाख ९० हजारांचे कर्ज, तेरा टक्के, चार वर्षे; महिना साडेदहा हजार रुपये. आईंना महिन्यातून दोनदा डॉक्टरांकडे आणि वर्षातून दोनदा गावी नेण्यासाठी एवढे ओझे कशाला?

इंजिन बदलायचे की दुरुस्त करायचे, यात गॅरेजवाल्याने न सांगितलेली बाब कागदांची आहे. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, चासी नंबर असतो तसा इंजिन नंबरही असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलले की आरटीओला कळवून आरसीत नोंद करून घ्यावी लागते, आणि मंजुरीविना बदलले असेल तर चौदा दिवसांच्या आत कळवायचे असते. ही नोंद नसेल तर उद्या अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा सर्वेक्षक इंजिन नंबर ताडून पाहील, तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसेल. इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले, तर प्रश्न विम्याचा न राहता पोलीस ठाण्याचा होतो.

म्हणून आधी हेड उतरवून ब्लॉक आणि क्रँक तपासायला सांगा, तेही तुमच्यासमोर. ब्लॉकला तडा नसेल आणि क्रँक शाबूत असेल, तर ७० हजारांत आपल्याच इंजिनाचे काम करावे. नंबर तोच राहतो आणि आरटीओची पायरी चढावी लागत नाही. दुसरा गिअर करकरतो अशी तुमची तक्रार आहे, तिच्यासाठी त्या भंगारातल्या गाडीचा नुसता गिअरबॉक्स घेता येईल. गिअरबॉक्सचा नंबर आरसीवर नसतो, आणि इंजिन उतरवताना तो तसाही खाली येणारच असल्याने मजुरी फारशी वाढत नाही. तीन आठवडे लागतील म्हणून गॅरेजवाला कुरकुरेल. इंजिन अख्खे बदलणे त्याला तीन दिवसांचे काम आहे.

ब्लॉकच गेला असेल तर दुसऱ्या गाडीचे इंजिन घ्यावे लागेल. तेव्हा ९५ हजारांवर क्लच सेट, माउंटिंग, होज, रेडिएटर आणि ऑइल मिळून आणखी २५ हजार धरा. एक लाख वीस हजार. आरसी २०२८ मध्ये संपते. नूतनीकरणाला तपासणी, पाच हजारांची फी आणि वर हरित कर. तोवरची तीन वर्षे धरली तर महिन्याला तीन हजार तीनशे रुपये पडतात. महाग नाही, पण हात पूर्ण रिकामे करणारे आहे. मग पगारातून बाजूला काढत निदान पन्नास हजारांची शिल्लक सहा महिन्यांत उभी करा.

ते इंजिन गाडीतून उतरवण्यापूर्वी चालू करून ऐका आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या. एअर फिल्टरच्या डब्यात गाळ किंवा डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसले तर ती गाडी ठोकरीची नसून पुराच्या पाण्यातली समजा. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या आणि त्या गाडीच्या आरसीची प्रत, तसेच तिच्यावर कर्ज असेल तर ते फिटल्याचे पत्र आधी मागा. 'कागद नंतर देतो' असे उत्तर आले, तर बयाणाही देऊ नका.