खेळाच्या गप्पांत बायका का नसतात: मैदान सुटल्यानंतरचा अर्धा तास

प्रश्न नवी मुंबईतल्या घणसोलीच्या एका दादांचा आहे. त्यांच्या कॉम्प्लेक्सच्या क्लब हाउसमध्ये मोठ्या मॅचला स्क्रीन लागते, गर्दी होते, मॅच संपल्यावर तासभर वाद रंगतो आणि त्या वादात एकही बाई नसते. मॅच तर बायकाही बघतात, मग बोलत का नाहीत? काहींनी उत्तर दिलंय की बायकांना मुळातच आवड कमी असते. मला हे पटत नाही. मी ठाण्यात कबड्डी खेळत मोठी झाले आणि गेली बरीच वर्षं ऐरोलीत शनिवार-रविवार मुलींना खेळवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

खेळावर बोलायला माणूस शिकतो, आणि ते शिक्षण खेळ संपल्यावर सुरू होतं. आमच्या सेक्टरच्या मैदानावर कुठल्याही संध्याकाळी बघा. स्टंप उपटले की मुलं घरी जात नाहीत, कठड्यावर बसतात. तो आउट नव्हताच, शेवटची ओव्हर त्याला का दिलीस, लाँग ऑनला कोणीच का नव्हतं, असं अंधार पडेपर्यंत चालतं. दहा वर्षांचा पोरगा पंधरा वर्षांच्या मुलाचं ऐकतो, मध्येच बोलतो, झापला जातो, दुसऱ्या दिवशी परत बोलतो. मत ठासून मांडायचं, ते खोडलं गेलं तरी रुसायचं नाही, आकडा आठवून समोरच्याला गप्प करायचं, हे सगळं तो त्या कठड्यावर शिकतो. पंचविशीत तो क्लब हाउसमध्ये बोलायला लागतो तेव्हा त्याच्यामागे पंधरा वर्षांचा सराव असतो.

माझ्या मुली खेळतात तितक्याच ईर्ष्येने. गुडघे फोडून घेतात, पकड सुटली की रडतात, पंचांशी भांडतातही. पण सराव संपायच्या आधीच गेटवर कुणाचे बाबा स्कूटर घेऊन उभे असतात, कुणाच्या आईचा फोन येतो. दिवे लागायच्या आत घरी पोचायचं असतं. त्यांना कठडा मिळतच नाही. मिनिटभर पाणी पिताना जे बोलतील तेवढंच. पालकांना दोष द्यायला मला जीभ रेटत नाही, कारण रस्त्यावरचे दिवे बंद असतात आणि मैदानाबाहेर टोळकी उभी असतात हेही खरं आहे. पण परिणाम व्हायचा तो होतोच.

बारा-तेराव्या वर्षी तर मैदानच सुटतं. पाळी सुरू होते, मैदानाजवळ धड स्वच्छतागृह नसतं, घरात "आता मोठी झालीस" सुरू होतं, नववीचे क्लास लागतात. दहावीला मुलांचाही खेळ सुटतो, पण त्यांना परतायला जागा असते. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत टर्फ, म्हणजे तासाच्या भाड्याने मिळणारी कृत्रिम गवताची मैदानं, झाली आहेत आणि नोकरदार मुलं रात्री दहा-अकराचा स्लॉट घेऊन बॉक्स क्रिकेट खेळतात, मग बाहेर चहा पीत तास घालवतात. त्या वेळेला घराबाहेर पडायची मुभा किती मुलींना आहे?

लग्नानंतर वेळेचा हिशोब आणखी आवळतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा वेळ कुठे जातो याचं देशभर सर्वेक्षण केलं होतं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. आणि असं काम करणारे पुरुष होते शंभरातले जेमतेम २६. आयपीएलची संध्याकाळची मॅच साडेसातला सुरू होते. कुकर लावायची वेळ तीच. ओट्यापाशी उभं राहून मॅच ऐकता येते, पॉवरप्लेमध्ये फिल्डिंग कशी लावली होती हे बघता येत नाही. आणि ते बघितलं नाही तर नंतर बोलायचं कशावर?

आता आठवणींचं बघा, मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खेळाच्या गप्पा सामायिक आठवणींवर चालतात. १९८३ च्या विश्वचषकात झिम्बाब्वेविरुद्ध कपिल देवच्या नाबाद १७५ धावांचं चित्रीकरण झालेलंच नाही, तरी आपल्याकडचा प्रत्येक पुरुष ती खेळी डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतो, कारण वडिलांनी, काकांनी, चाळीतल्या मोठ्या मुलांनी ती त्याच्यापर्यंत पोचवली. याच्या पाच वर्षं आधी, १९७८ मध्ये, महिलांचा विश्वचषक भारतात झाला होता. १९९७ मध्ये पुन्हा झाला, अंतिम सामना ईडन गार्डन्सवर. या दोन्हींतला एक तरी प्रसंग कोणी कोणाला सांगितल्याचं ऐकलंय? २०१३ मध्ये तर महिला विश्वचषक मुंबईत होता आणि वानखेडेवर ठरलेले सामने पुरुषांच्या रणजी स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी तिथून हलवले गेले. महिलांचं क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलंच २००६ मध्ये. कबड्डीचंही तेच. पुरुषांची कबड्डी आशियाई खेळांत १९९० ला आली, बायकांची २०१० ला. प्रो कबड्डी २०१४ पासून घराघरांत पोचली. महिलांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची छोटी स्पर्धा झाली, ती पुढे चालली नाही. आमच्या पिढीने ठाण्यात मातीवर केलेल्या चढाया कुठल्याही टीव्हीवर नाहीत, त्या सांगायला आम्हीच आहोत, आणि आम्हाला कोणी विचारत नाही.

तरीही काही जणी बोलायला जातात, तेव्हा त्यांची परीक्षा घेतली जाते. माझ्याकडे पूर्वी खेळलेली एक मुलगी आता नोकरी करते. जेवणाच्या सुट्टीत तिने गोलंदाजीतल्या बदलाबद्दल मत दिलं, तर लगेच प्रश्न आला: २०११ च्या विश्वचषकाच्या फायनलला नाणेफेक कोणी जिंकली? तिने सांगितलं की नाणेफेक दोनदा झाली होती आणि दुसऱ्यांदा श्रीलंकेने जिंकली. सगळे गप्प झाले. पण तिचा मूळ मुद्दा तिथेच राहिला. शेजारच्या टेबलावर बसलेल्या मुलाला मत मांडण्याआधी असा पेपर सोडवावा लागत नाही. रोज हे करायचा कंटाळा येतो आणि माणूस गप्प बसायला शिकतो. लोक त्या गप्प बसण्याला "आवड नाही" म्हणतात.

पुरुष इतके का जमतात, हाही प्रश्नाचा अर्धा भाग आहे. पुरुषांना एकमेकांशी बोलायला आपण फार थोडे विषय दिलेत. मुलाची नोकरी गेली, घरात आजारपण आहे, हे दोन पुरुष सहसा थेट बोलत नाहीत. फॉर्म गेलेल्या फलंदाजाबद्दल मात्र तासभर कळकळीने बोलतात. बायकांना एकमेकींशी बोलायला असा आडोसा लागत नाही. त्यामुळे सगळी दारं उघडली तरी संख्या अगदी निम्मी-निम्मी होईल असं मला वाटत नाही, व्हायलाच हवी असा माझा हट्टही नाही. पण पन्नास पुरुष आणि शून्य बायका, हा आवडीचा निकाल असू शकत नाही.

कारण जागा मिळाली की काय होतं ते आपण नेरूळमध्येच पाहिलंय. ३० ऑक्टोबर २०२५, डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला विश्वचषकातली ऑस्ट्रेलियाविरुद्धची उपांत्य फेरी. ३३९ चं लक्ष्य, जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७. दुसऱ्या दिवशी ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात दुसरा विषय नव्हता. जेमिमाला तिसऱ्या क्रमांकावर पाठवणं बरोबर होतं का, हरमनप्रीत ८९ वर आउट झाली तेव्हा पुढे कोणाला पाठवायला हवं होतं, ऑस्ट्रेलियाने कोणते झेल सोडले. भाजी निवडता निवडता दोघी अशा भांडत होत्या की ऐरोली आलं तरी कोणी उठेना. २ नोव्हेंबरला पावसाने उशिरा सुरू झालेला अंतिम सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपला, दीप्ती शर्माने ५ बळी घेतले, दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरली, आणि स्टेडियमबाहेर स्मृती मंधानाचा १८ नंबर घातलेल्या मुली बापाच्या हाताला धरून त्या मॅचवर बोलत चालल्या होत्या. या मुलींना आता सांगायला काहीतरी आहे.

पण हे आपोआप टिकत नाही. १९२० च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा फुटबॉल सामना बघायला सुमारे ५३,००० लोक आले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांना योग्य नाही म्हणत आपल्या मैदानांवर त्यांना बंदी केली, आणि ती उठायला जवळजवळ ५० वर्षं गेली. तेवढ्यात ऐकणाऱ्या-सांगणाऱ्या दोन पिढ्या गेल्या.

तर दादा, तुमच्या क्लब हाउसपुरतं सांगते. "बायकांनीही या" असा मेसेज टाकून कोणी येणार नाही. महिलांच्या मॅचही त्याच मोठ्या स्क्रीनवर दाखवा आणि तेव्हा पुरुषांनीही बसा. मॅचच्या दिवशी जेवण बाहेरून मागवा किंवा ज्याच्या-त्याच्या घरी पुरुषाने करा, म्हणजे साडेसातला बाई मोकळी असेल. बिल्डिंगमध्ये शाळा-कॉलेजात खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल खेळलेल्या चार-पाच जणी नक्की असतील. त्यांना शोधा आणि मॅचबद्दल आधी त्यांचं मत विचारा, माहिती तपासू नका. आमच्याकडे मुलींच्या अंडरआर्म क्रिकेटचा रविवारचा स्लॉट पाच ते साडेसहा आहे. आम्ही कमिटीकडून तो सातपर्यंत वाढवून घेतला आणि शेवटचा अर्धा तास खेळायचं नाही असं ठरवलं. गेटवरचा दिवा दुरुस्त करून घेतला, दोन आया आळीपाळीने थांबतात. सुरुवातीला मुली नुसत्या बसून राहायच्या. आता सात वाजले तरी उठत नाहीत, आणि परवा एका अकरा वर्षांच्या मुलीने मला माझी फिल्डिंग कुठे चुकली ते सर्वांसमोर सांगितलं. कमिटीला काय अर्ज केला होता ते हवं असेल तर कळवा, पाठवते.